भंडाऱ्याच्या प्लास्टिक जंगलात एक तास

नागझिऱ्याचं खरं जंगल आमच्या लाखनीहून फार लांब नाही. तरी गेल्या रविवारी आम्ही भंडाऱ्याला गेलो ते प्लास्टिकचं जंगल, म्हणजे मुलांचं खेळघर, बघायला. माझ्या सहा वर्षांच्या ओवीच्या वर्गातली सगळी पोरं तिथे जाऊन आली होती, त्यामुळे घरात दुसरा विषय नव्हता. नवऱ्याची ड्युटी होती, म्हणून सोबतीला सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, जवळजवळ ओढूनच नेलं. सासूबाई गेल्यापासून ते अंगणाबाहेर पडत नव्हते.

हायवेच्या ट्रकांमुळे एसटीला पाऊण तास लागला. जाणार असाल तर बसस्टँडजवळ तर्रीपोहे खाऊन घ्या. आत साठ रुपयांत कागदी कपाच्या तळाला मक्याचे दाणे मिळतात.

हे जंगल टाइल्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. मुलांना तासाला दीडशे, मोठ्यांना नुसतं बघायचे पन्नास. मोजे सक्तीचे, आणि तेही त्यांच्याकडूनच घ्यायचे. जन्मभर अनवाणी चिखलात धानाची रोवणी केलेल्या मामाजींनी रबरी फरशीवर चालायला हिरवे मोजे चढवले. थर्माकोलचा वाघ बराच वेळ न्याहाळून त्यांनी विचारलं, याले कावीळ झाली का?

तेवढ्यात बंद नळीच्या घसरगुंडीत ओवी मध्येच अडकून रडू लागली. काउंटरवरच्या मुलीने मला घसरगुंडीवरची पाटी दाखवली : मोठ्यांना प्रवेश नाही. आत जाऊ शकणारा त्यांचा माणूस जेवायला गेला होता. मग मीच खालून शिरले. ओवी माझ्या पाठीवरून घसरत बाहेर गेली, आणि मागे सरकताना मी कमरेपाशी घट्ट अडकले. बाहेर फक्त पाय. काउंटरवरची मुलगी सांगत होती की तास संपत आलाय, जादा वेळेचे पैसे लागतील.

ज्यांच्यासमोर मी कधी पाय पसरून बसले नाही, त्या मामाजींनी माझे दोन्ही घोटे धरले.

"सूनबाई, आंग ढिल्लं सोड. मी ओढून राहिलो."

दोन हिसक्यांत मी बाहेर आले. लाजेने रडूच येत होतं. पण मामाजी रंगीत चेंडूंच्या हौदात मागे कोसळले होते आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मग मलाही आवरेना.

आता हिशोब : गुडघे सोलले, ओवीला सर्दी झाली. मुलांना जरूर न्या, पण कंबर मोजून जा. मामाजी रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओट्यावर ही गोष्ट सांगतात, आणि दर वेळी ती नळी थोडी वाढते. बुधवारपर्यंत ती धानाच्या बांधीएवढी, अख्ख्या खाचराएवढी लांब झाली होती. मी स्वयंपाकघरातून ऐकते. दुरुस्त करत नाही.