गोंगाटात धरलेलं वाक्य

"सुरगाण्यात पुली असते का गं?" अभिजित म्हणाला. बाकीचे दोघं खो-खो हसले. टेबलावर टेपरेकॉर्डर चालू होता.

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, नाशिकचं कॉलेज. मुलं गटात फिजिक्सचं गणित सोडवताना वाद कसा घालतात, याचा आमचे सर अभ्यास करत होते. आमच्या गटात शहरातली तीन मुलं आणि सुरगाण्याच्या आश्रमशाळेतून आलेली मी. गणित विहिरीचं होतं. बादली एकसारख्या वेगानं वर येतेय, तर दोराचा ताण वजनापेक्षा जास्त की तेवढाच? तिघं म्हणत होते, जास्तच. नाहीतर बादली वर येईल कशी?

मी म्हणाले होते, "नाय. उचलताना जोर लागतो. मग एकसारखी यायला लागली की दोरावर वजनाएवढाच ताण. लय पाणी ओढलंय मी."

त्यावर ते हसणं. मग, "तू लिही. अक्षर छान आहे तुझं."

गटात लेखनिक कायम मीच. पाच मिनिटांनी अभिजितनं माझंच म्हणणं शुद्ध मराठीत सांगितलं. "करेक्ट!" दोघं ओरडले. आणि मी ते त्याच्या नावावर लिहून घेतलं. सांगताना आजही लाज वाटते.

पुढं ती कॅसेट कागदावर उतरवायला सरांनी मलाच बसवलं. बिनखिडकीची खोली. कानाला हेडफोन. शब्द सुटला की टेप मागं न्यायची, पुन्हा ऐकायचं. ते हसणं मी किती वेळा ऐकलं! उठून जावंसं वाटायचं. पण प्रॅक्टिकलचे मार्क सरांच्या हातात. नापास झाले तर घरच्यांबरोबर द्राक्षबागेत मजुरीला, हे ठरलेलं.

मी माझं वाक्य उतरवलं. पुढं लिहिलं, 'विद्यार्थी ४'. सरांनी लाल पेनानं ते खोडलं. आवाज न चढवता म्हणाले, "हे गोंगाटात धर. वाद तिघांनीच घातला. तू लेखनिक होतीस."

माझ्या डोक्यात सणक गेली.

"नाही धरणार, सर." टेप मागं नेली, हेडफोनची वायर उपटली, आवाज मोठा केला. माझा आवाज खोलीभर झाला. सरांनी टेप बंद केली.

"मार्कांचा विचार कर."

वर्षभर दुसरं काय केलं होतं?

कोरा कागद घेतला. तेच वाक्य पुन्हा लिहिलं. 'नाय' तसंच, 'लय' तसंच. या वेळी आकडा नाही, माझं पूर्ण नाव घातलं आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. मार्क द्या, नाहीतर नका देऊ. माझं बोलणं दुसऱ्याच्या नावावर मी यापुढं उतरवून देणार नाही.