चौथऱ्यावरचा उत्तम

दुपारची जेवणं झालीत, भांडी तशीच पडलीत आणि मी ओसरीतल्या बाजेवर नुसती पाठ टेकलीय. झोपायचं नाही, असं स्वतःला बजावतेय. संध्याकाळी चौकात माझ्या भावाच्या पुतळ्याचं अनावरण आहे, आणि आज भाऊबीज, म्हणून त्याला पहिलं मी ओवाळायचंय. लाउडस्पीकरवर कुणीतरी हॅलो, हॅलो करतंय. पापण्या जड होतात तसा तो आवाज लांब लांब जातो.

भाऊ नसला की बाई चंद्राला ओवाळते. उत्तम गेल्यापासून मीही चंद्रालाच ओवाळत आले. धनाजी आमचा सरपंच, उत्तमचा शाळेपासूनचा दोस्त. दसऱ्याला सोनं द्यायला आला तेव्हा म्हणाला की आक्का, यंदा तुम्हाला भाऊ परत देतो. खोटं कशाला बोलू, कुंकू लावायला एक कपाळ मिळणार म्हणून मी पोरीसारखी हुरळले. आज सकाळी वाऱ्यानं पुतळ्यावरचं कापड सरकलं आणि सगळं दिसलं. हातात रोखलेली बंदूक, पिळदार मिशा, आणि खाली चौथऱ्यावर कोरलेलं: शत्रूला कंठस्नान घालताना वीरमरण.

माझा भाऊ कुणाला मारताना मेला नाही. तो लष्करात खेचरं सांभाळायचा. खेचर हाकणाऱ्याला तिकडं ड्रायव्हर म्हणतात, त्यामुळे आमचं शहाणं गाव बरीच वर्षं समजत होतं की उत्तम ट्रक चालवतो. सरहद्दीजवळच्या एका खेड्यावर डोंगर खचला. तिथली माणसं बाहेर काढून झाली होती, एक म्हातारी राहिली म्हणून हा परत गेला आणि वरून उरलेला डोंगर आला. त्याला आणायला धनाजीच गेला होता. तिथल्या जवानांनी सांगितलेलं सगळं त्यानं माझ्यापुढं बसून, रडत रडत सांगितलं होतं.

त्याच मुलखातले शालवाले दर दिवाळीला आमच्याकडे येतात. उत्तमचं नाव त्यांना ठाऊक आहे, म्हणून माझ्या ओसरीवर चहा घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत. परवा त्यांना बाजारातून हाकलून दिलं. उत्तमच्या गावात तुमचं काय काम, असं म्हणून. म्हणणारा कोण, तर धनाजी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

हे डोक्यात घोळत असतानाच बाजेची कड दबते. पायथ्याशी उत्तम बसलाय.

अंगात ओला स्वेटर आहे आणि गुडघ्यापर्यंत चिखल. मला भीती वाटत नाही. मी म्हणते, "आधी पाय धुऊन ये." तो हसतो आणि परसात जातो. मी मागोमाग जाते, तर परस संपतच नाही. शेवग्याच्या पलीकडं बर्फाचा उतार आहे, आणि शेवग्याला एक तांबडं खेचर बांधलंय. माझ्या पायात चपला नाहीत, पण पाय गारठत नाहीत.

"चौकात बघितलंस?" मी विचारते.

"बघितलं. मिशा बऱ्या हायत."

मला राग येतो. मेल्यावरही याची चेष्टा सुटत नाही. मी त्याला सगळं ऐकवते. चौथऱ्यावरची अक्षरं, हाकललेले शालवाले, त्यांना हाकलणारा धनाजी. तो खेचराच्या कानामागं खाजवत उभा राहतो, लहानपणी आईची बोलणी खाताना उभा राहायचा तसा. शेवटी मी मनात सलत असलेलं विचारतेच.

"खरं सांग. तू देशासाठी गेलास का म्हातारीसाठी?"

"म्हातारीसाठी."

"आन् देश?"

तो माझ्याकडं बघतो. त्याला प्रश्नच कळलेला नाही. "आक्का," तो म्हणतो, "मग म्हातारी कोण हुती?"

उतार केव्हा सपाट झाला कळत नाही, पण आम्ही चौकात आहोत. खुर्च्यांना पांढरी कापडं घातलीत की त्यांच्यावर बर्फ पडलाय, सांगता येत नाही. सगळं गाव बसलंय, एकही मान हलत नाही. माइकवर धनाजी आहे. खेचर चौथऱ्यावर चढवा, म्हणतो. चार बाप्ये येतात, लगामाला धरून ओढू लागतात. खेचर पुढचे पाय रोवतं आणि अडतं. कुणीतरी काठी उगारतं.

"हाणू नगा त्येला," उत्तम म्हणतो. त्याचं कुणी ऐकत नाही, मग तो मला सांगतो. "अडलं की हाणायचं न्हाय, आक्का. खाली बघायचं. जे नुसतं हाणलं की कुठंबी जातं, ते आमी कड्याच्या वाटंवर न्हेतच नव्हतो. तेच पहिलं दरीत जातं. वर आपला मानूसबी घिऊन जातं."

मी खाली बघते. चौथऱ्याखाली जमीनच नाही. खोल खाली एक खेडं आहे, सपाट छपरांचं, आणि छपरांवर शाली वाळत घातल्यात. धनाजीला सांगायला मी तोंड उघडते. तो माइकवरून म्हणतो, खाली बघणारा आपला नव्हे. खुर्च्यांवरचे हात टाळी वाजवतात.

उत्तम खेचराच्या गळ्यातली दोरी माझ्या हातात देतो. "धर."

"तू कुठं निघालास?"

"म्हातारी ऱ्हायलीय."

तेव्हा मात्र माझा बांध फुटतो. आजवर त्याला जे म्हटलं नाही ते म्हणते. सगळ्या मुलखाच्या म्हाताऱ्या तुझ्या, मग मी कोण? तुला त्यांनी दगडात चिणलं, तुझ्या नावानं लोकांना हाकलतात, आणि तू मला इथं कुणाच्या भरवशावर टाकून गेलास?

"गाव हाय की," तो म्हणतो.

आत्ताच सगळं सांगून झालंय, तरी म्हणतो, गाव हाय की. आणि खुर्च्यांमधून वाट काढत, ओळखीच्यांना रामराम करत तो निघून जातो. एकही माणूस त्याला ओळखत नाही. सगळे पुतळ्याकडे बघत बसलेत. पलीकडून दोरीला हिसका बसतो. ते चौघे आहेत, मी एकटी. दोरी मुठीतून सरकते, जळजळते. मी सोडत नाही.

"आक्का. आक्का, उठा."

धनाजी ओसरीच्या पायरीवर उभा आहे, फेटा बांधून. उन्हं कलंडलीत. तो म्हणतो की पाहुणे आलेत, लोक बसलेत, ताट घेऊन चला. मी उठून बसते.

"येते," मी म्हणते. "माइकवर तू एवढंच सांग, उत्तम कसा गेला. मला सांगितलंवतंस तसं. सांगितलंस की ओवाळते."

तो चपलेनं पायरी घासत राहतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, "म्हातारीपायी गेला म्हटल्यावर पुतळा कोन बघनार, आक्का? देशासाठी येवढं गिळा की."

"तुझ्या डोळ्यांत पाणी हुतं तवा."

"हुतं," तो म्हणतो. "मी कुठं न्हाय म्हनतोय?"

त्याला सगळं आठवतंय. विसरला असता तर मी त्याला माफ तरी केलं असतं.

"न्हाय आला तर लोक गद्दार म्हनत्याल तुमाला. मला आवरायचं न्हाईत ते."

"म्हणू दे," मी म्हणते. "जा तू. त्यो माझा भाऊ न्हवं."

तो जातो. थोड्या वेळानं चौकात बँड सुरू होतो, मग टाळ्या. दुसऱ्या कुणाच्या तरी बहिणीला ताट धरायला लावलं असेल. मी रडत नाही, पण उजवा हात चुरचुरतो म्हणून मूठ उघडून बघते. तळहातावर लाल वळ उठलाय, मधे मधे कातडं सोललेलं. झोपेत बाजेला हात घासला असेल, असं मी स्वतःला समजावते. मग बाजेवरून हात फिरवते. बाजेला नवार आहे, रुंद आणि मऊ. वळ पिळाच्या दोरीचा आहे.