पेपर होऊ द्या

आमचे मालक गेले त्या दिवशी मी नातीशी खोटं बोलले. चौथी शिकलेली बाई मी, जमेल तसं लिहिते.

नायगावात आमचं किराणा दुकान. मालक स्वतःसाठी कधी पाण्याचा तांब्या उचलत नसत. पण मुलगा लहान असताना त्याची नखं काढायची तर यांनीच, मला हात लावू देत नसत. सगळ्या घराचे ते आप्पा.

नातीला डॉक्टर व्हायचं होतं. लातूरला क्लास लावला, तर "पोरगी एकटी राहायची नाही" म्हणून दुकान मुलावर टाकून हे तिच्यासोबत गेले. दोन वर्षं एका खोलीत राहिले. सत्तरीत भाकरी थापायला शिकले. क्लास सुटायच्या वेळी फाटकाशी सगळ्या बायका आणि त्यांत हे एक धोतरवाले.

"काय मामा, घरी सून न्हाई का?" एकीनं विचारलं.

"हाय की. पण मालकीण लई खडूस, म्हणून पळून आलो."

नातीनंच हे मला सांगितलं, पोट धरून हसत.

परीक्षेला महिना राहिला आणि यांच्या छातीत दुखू लागलं. पोरीला दुकानाचं निमित्त सांगून यांना घरी आणलं, दवाखाना सुरू झाला, सून लातूरला गेली. हे म्हणाले, "दवाखान्याचं पोरीला कळू देऊ नका. पेपर होऊ द्या." ते दुखण्याचं बोलत होते. मी ते मरणालाही लावलं. चूक तिथं झाली.

पेपरच्या आदल्या दिवशी सकाळी ते गेले. आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालून, भस्म लावून भिंतीशी बसवतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. मुलगा म्हणाला, "आई, पोरगी आत्ता निघाली तर चार तासांत पोचेल. थांबू."

मी म्हणाले, "नाही. दोन वर्षं त्यांनी कशासाठी भाकऱ्या थापल्या?" सुनेलाही बजावलं, पोरीसमोर डोळ्यांतून पाणी काढायचं नाही.

दुपारी नातीचा फोन आला. हे समोर बसवलेले होते, गळ्यात हार.

"आज्जी, आप्पांना द्या."

"झोपलेत."

"आत्ता? मला अभ्यासाला बसवून स्वतः झोपा काढतात होय? उठले की सांगा, नात रागावलीय."

"सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी शेतात माती दिली.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर तिला कळलं. शेतात ती आली तेव्हा नुसता ओला ढीग होता, त्यावर बेलाची पानं. ती रडली नाही. मला म्हणाली, "पेपर परत देता आला असता, आज्जी."

नंबर लागला तिचा. आता नांदेडला शिकते. सुट्टीत येते, जेवते, कामापुरतं बोलते. पण भांडी झाली की माझ्याजवळ बसते आणि विचारते, कसे बसवले होते? मान सरळ होती का? मी सांगते, मान डावीकडे कलत होती, म्हणून मागून उपरणं बांधलं होतं. डोळे? अर्धे उघडे होते. गोड करून सांगत नाही. एकदा खोटं बोलले तेवढं पुरे. ती ऐकून घेते आणि उठून जाते. पुढच्या सुट्टीत पुन्हा तेच विचारते.