बहात्तरची खडी आणि एक फ्रेंच शब्द

मंडळी, आज सकाळी आमच्या घरात एका शब्दावर गाडी अडली.

माझी मुलगी कॉलेजात फ्रेंच शिकते. आजीच्या तरुणपणावर तिला दहा ओळी लिहायच्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळात माझ्या आईने रिलीफ वर्कवर खडी फोडली होती. इंग्रजीतल्या या एका 'रिलीफ'ला फ्रेंचमध्ये वेगवेगळे शब्द आहेत. मदत असेल तर 'सकूर', जिवाला हायसं वाटलं तर 'सुलाज्मां'.

मुलीने विचारलं, "आजी, तेव्हा सरकारची मदतच होती ना?"

आई मेथी निवडत होती. तिने डाव्या हाताचं वाकडं बोट पुढे केलं.

"ह्यावर हातोडा बसला हुता. मदत घेताना न्हाई बसला. दिसभर खडी फोडायचो आमी बाया. घोडेगावचा रस्ता त्याच खडीचा हाय. तुझ्या फ्रेंचात कामाला शब्द न्हाई व्हय?"

"आहे," मुलगी म्हणाली. तिने 'सकूर' खोडलं आणि 'त्राव्हाय' लिहिलं.

तुमच्या घरी त्या दिवसांना काय म्हणतात? मी इतिहासाचा मास्तर. वीस वर्षं वर्गात 'सरकारी मदत' असंच शिकवत आलो. आणि शाळेत जातो रोज त्याच रस्त्याने.