एकोणतीसचा पाढा

माझ्या नवऱ्याला एकोणतीसचा पाढा न अडखळता यायचा, आणि त्या पाढ्यापायीच आमचं अख्खं वर्ष वाया गेलं. आज सांगतानाही डोकं तापतं बघा.

गणपतीचं थर्माकोलचं मखर दरवर्षी हेच करायचे. आधी खांब, मग कमान. परळ सोडून मीरा रोडला, शांती नगरात आलो तरी त्यात खंड नाही. त्या वर्षी मात्र सगळे तुकडे पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले. मग खांब नसतानाच कमान उभी करायला गेले. पडली. पुन्हा कमानच उचलली. मी ओरडले, "मुद्दाम करताय का?" सगळ्यात जास्त राग मला माझ्या या वाक्याचा येतो.

चहाचंही तेच. साखरेचा डबा बरोबर काढायचे, पण पाणी ठेवायच्या आधीच गाळणीत दूध.

धाकटे दीर आले की परीक्षा. दादा, एकोणतीसचा होऊन जाऊ दे. हे धडाधड म्हणायचे, वर पावकी, निमकी. मग दीर मला हसून सांगायचे, वहिनी, तल्लख आहे तो, कामं टाळतोय. आमचा खालचा डॉक्टर तरी काय! काय काय विसरतात, विचारलं. मी म्हटलं, विसरत काहीच नाहीत. मग ठीक आहे म्हणाला, टॉनिक लिहून दिलं.

शेवटी मुंबईला नेऊन मेंदूचा स्कॅन केला, रक्त कुठे किती पोचतं ते दाखवणारा. डॉक्टरीणबाईंनी रंगीत चित्र समोर धरलं. म्हणाल्या, ज्यांचं विसरण्यापासून सुरू होतं त्यांना बहुधा मागच्या भागात रक्त कमी पडतं. यांना पुढच्या भागात कमी पडतंय. आठवण शाबूत आहे, पण आधी काय, नंतर काय, ही जुळणी बिघडलीय. अजून सौम्य आहे, पुढचं आत्ता सांगता येत नाही. गॅसपाशी एकटं सोडू नका.

म्हणजे वर्षभर माणूस आजारी होता आणि आम्ही त्याला कामचुकार म्हणत होतो.

पुढच्या गणपतीच्या आदल्या दिवशी दीर आले. मी सगळं सांगितलं होतं, तरी आल्या आल्या पाढा. मी मध्येच थांबवलं. "भाऊजी, पाढा नको. खाली बसा आणि यांच्या हातात एकेक तुकडा द्या. आधी खांब."

तोंड पाडून बसले, पण दिले. ह्यांनी मखर उभं केलं. कमान जरा तिरकी झाली. सरळ करायला दीर उठले.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.