दोनशे बारा लिटर आणि न आलेला मेल

बुधवार, सकाळचे अकरा. विषय दोनशे बारा लिटर दुधाचा. हजर तिघं: जालन्यातल्या एका खासगी डेअरीचे मालक आबासाहेब, त्यांचं केदारखेड्याचं दूध संकलन केंद्र चालवणारे सलीमभाई, आणि डेअरीच्या कॉम्प्युटरचं काम बघणारा मी.

"सलीमभाई, दोन संध्याकाळची तुमची एंट्रीच न्हाई," आबासाहेब म्हणाले.

"दूध तर पोचलं ना, साहेब?"

"पोचलं. पण कुणाचं किती, फॅट किती, हे कळल्याबिगर पैसे कुणाला देऊ?"

"एंट्री म्या बराबर केल्ती. गावात लोक मलाच इचारून राह्यले, आमचं दूध कुठं गेलं म्हणून."

"आज हिशेब लागला न्हाई तर केंद्र दुसऱ्याकडं द्यावं लागंल."

मी लॅपटॉप उघडला.

या डेअरीचा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, ऑफिसातल्या एका मशीनवर आहे. भाड्याच्या सर्व्हरवर एक स्क्रिप्ट आहे. ठरल्या वेळी आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, एवढंच. सकाळी दहाला आणि संध्याकाळी साडेसातला तो केंद्रांच्या नोंदी डेटाबेसमध्ये टाकतो. संध्याकाळचं दूध घेणारं केंद्र केदारखेडा एकच.

लॉग पाहिला. प्रोग्राम स्वतःबद्दल जी टिपणं ठेवतो, तो लॉग. दोन्ही संध्याकाळी एकच वाक्य होतं: डेटाबेसशी कनेक्शन झालं नाही. तेवढं लिहून प्रोग्राम थांबला होता. ते वाचणारं कोणी नव्हतं.

"ऑफिसातलं मशीन संध्याकाळी बंद असतं का?" मी विचारलं.

"सोमवारपासून जाताना सगळी बटणं बंद करायला सांगितलंय. लाइटबिल बघितलं का तुम्ही?"

सलीमभाईंनी छताकडे पाहिलं. "म्हणजे पंख्यासंगं माझं दूधबी बंद झालं."

सकाळी दहाची फेरी फक्त सकाळच्याच नोंदी उचलते, त्यामुळे संध्याकाळच्या नोंदी सर्व्हरवर अडकून होत्या. स्क्रिप्ट पुन्हा चालवली. बेरीज दोनशे बारा लिटर. सलीमभाईंनी मला ती दोनदा वाचायला लावली.

"पुन्हा असं झालं तर मला तवाच कळलं पाहिजे," आबासाहेब म्हणाले.

उपाय सोपा होता. कनेक्शन तुटलं की स्क्रिप्टने ईमेल पाठवायचा. मेल जाण्याचा पत्ता मी डेटाबेसमध्ये टाकला, कारण आबासाहेबांचा वडिलांच्या अडतीपासूनचा नियम आहे: एक गोष्ट एकाच जागी लिहायची. सगळ्यांची नावं, फोन तिथेच होते. मलाही ते रीतसर वाटलं.

मग चाचणी म्हणून ऑफिसातलं मशीन बंद केलं आणि स्क्रिप्ट चालवली. चहा आला, संपला. मेल आला नाही.

कारण सापडल्यावर मला हसू आलं. कनेक्शन तुटल्याची खबर द्यायला प्रोग्राम पत्ता शोधत होता, आणि पत्ता त्याच बंद मशीनमध्ये होता.

"चावी घरात ठिवून दाराला कुलूप लावलं की तुम्ही," सलीमभाई म्हणाले.

आबासाहेबांनी थोडा विचार केला. "बरं, तेवढा एक पत्ता दोन जागी लिहा." हे त्यांना जड गेलं असावं.

पत्ता स्क्रिप्टशेजारच्या फाइलमध्ये लिहिला. स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तसा मेल येऊन आबासाहेबांचा फोन वाजला.

"मेल एकट्या साहेबांना जातो का?" सलीमभाईंनी विचारलं.

"हो."

"मंग काय फायदा? दिवाळीत वजनकाट्याचा फोटो मेल केल्ता, तो साहेबांनी अजून उघडला न्हाई. मलाबी पाठवा. शिव्या मला बसत्यात, मी जल्दी बघीन."

"घाला त्यांचाबी," आबासाहेब म्हणाले. त्यांनी तो फोटो तेव्हाही उघडला नाही.

अलर्टचा पत्ता बिघडणाऱ्या वस्तूच्या पोटात ठेवू नये. आणि खबर न मिळाल्याने ज्याचं नुकसान होतं, त्याला ती आधी द्यावी.

शुक्रवारी दोनशे बारा लिटरचे पैसे दूधवाल्यांच्या खात्यात गेले आणि कमिशन सलीमभाईंच्या. केंद्र त्यांच्याकडेच राहिलं. माझं दीड हजारांचं बिल आबासाहेबांनी चेकने दिलं. मशीनच्या बटणावर 'हे बंद करू नये' अशी चिठ्ठीही मी चिकटवली होती. तिचे पैसे लावले नाहीत.