माझ्या नावाने फेकलेला चेंडू

त्याने माझी नडगी फाडली तेव्हा मी चेंडू सोडला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. मी शॉर्टस्टॉप होतो, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेचा राखणदार. पहिल्या बेसवरून कोणी जमिनीवर घसरत आला की चेंडू त्याच्या अंगाला लावून त्याला बाद करायचं, हे माझं काम. त्याने घसरताना बुटांचे लोखंडी खिळे मुद्दाम वर उचलले. मोजा फाटला, कातडी फाटली, आतलं पांढरं क्षणभर दिसलं आणि रक्ताखाली गेलं. अंपायरने त्याला बाद दिलं. तो उठला, पँटवरची माती झटकली आणि मराठीत म्हणाला, "काय पुणेकर, लागला काय?"

"तुझ्या बुटापेक्षा तुझं तोंड जास्त लागतं."

"मग पुढच्या वेळी तोंडानेच घसरत येतो."

मी पिंपरीचा. पुणेकर म्हटलं की चिडतो, हे त्याने पहिल्या सामन्यातच ओळखलं होतं. तो मूळचा रत्नागिरीचा, वाढला फुजैऱ्यात. वडील तिथल्या बंदरात जहाजांमध्ये तेल भरायच्या कामावर. अमिरातीत पगारी बेसबॉल नुकतंच सुरू झालं होतं. मराठी बोलणारे आम्ही दोघंच, तेही विरुद्ध संघांत.

शाळेत मी सॉफ्टबॉल खेळलो होतो. इथे आल्यावर कळलं की तो खेळ नव्हता, खेळाची तोंडओळख होती. आम्हाला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, कारखान्यांच्या रांगेमागच्या एका इमारतीत ठेवलं होतं. रोज सकाळी कोच अगदी जवळून जमिनीलगत चेंडू मारायचा आणि ओरडायचा, "तोंड फिरवू नकोस!" तोंड न फिरवता मी एक दात घालवला. छातीवर निळेजांभळे गोल उमटायचे, जुने पिवळे पडायच्या आत नवे. हे सगळं मला मान्य होतं. चेंडू दगडासारखा असतो, पण त्याच्या मनात काही नसतं.

माणसाच्या मनात असतं. माझ्या नडगीवर पट्टी बांधली जात असताना आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, शेजारी येऊन बसला. लॅटिन अमेरिकेतला, चाळिशीकडे झुकलेला, आमच्यातला सगळ्यात प्रेमळ माणूस. मला घरचं जेवण आठवलं की स्वतःच्या ताटातलं केळं द्यायचा. त्याने हळूच टोपीवर, कानशिलाच्या जागी, बोट टेकवलं.

"तो बॅटिंगला आला की मी बघतो," तो म्हणाला.

बेसबॉलच्या नियमांत हे कुठेही छापलेलं नाही, पण पाळतात सगळे. तुमच्या माणसाला इजा झाली की तुमच्या पिचरने त्यांच्या माणसाला चेंडू मारायचा. साधारणपणे बरगडीत. कानशील दाखवलं म्हणजे गोष्ट वेगळी.

पंधरवड्यापूर्वी असाच एक चेंडू मी पाहिला होता. आमच्याच संघातला एक मुलगा. हेल्मेट होतं, चेंडू त्याच्या कडेखालून शिरला. आवाज नारळ फुटल्यासारखा आला. तो पडला, टाचा मातीत घासत राहिला आणि कानातून रक्त आलं. त्याला अजून त्या कानाने ऐकू येत नाही. उभा राहिला की भिंत धरतो.

आम्ही पुन्हा मैदानात उतरलो तेव्हा मी लंगडत पिचरच्या उंचवट्यावर गेलो. "मला हे नकोय," मी म्हणालो. "पाय माझा आहे. मी सांगतोय, नको."

"हबीबी, पाय तुझा," तो हसून म्हणाला, "पण शर्ट संघाचा. जा, जागेवर उभा राहा."

मला संताप आला, आणि तो आजही उतरलेला नाही. ज्याच्या नावाने सूड घ्यायचा त्यालाच विचारायचं नाही, ही कुठली रीत? मी पत्रकांच्या घरात वाढलो. वडील कारखान्यातल्या युनियनचे. पलंगाखाली गठ्ठेच्या गठ्ठे, आणि मी वाचायला शिकलो ते त्यांवरच. कामगारांच्या नावाने कामगारांचीच डोकी फोडणारे लोक मी लहानपणी आमच्या दारात पाहिलेत. त्यांनीही कोणाला विचारलं नव्हतं.

रत्नागिरीवाला बॅट घेऊन उभा राहिला. बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर पिचरला बोटांनी खुणा करतो; शॉर्टस्टॉपला त्या दिसतात. कॅचरने मांड्यांमध्ये हात नेला आणि अंगठा बॅट्समनच्या दिशेने उडवला. पिचरने मान हलवली.

मैदानात आम्ही सगळे सतत ओरडत असतो. कोण काय ओरडतो याकडे कोणाचंच लक्ष नसतं. मी मराठीत ओरडलो, "डोक्यावर येतोय! खोटं नाही बोलत, खाली पड!"

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिचरचा हात सुटायच्या आत त्याचे गुडघे वाकले आणि तो मातीत पालथा झाला. जिथे त्याचं कानशील होतं तिथून चेंडू गेला आणि मागच्या जाळीवर आदळला. तिसऱ्या बेसवरचा त्यांचा माणूस तेवढ्यात धावत होम बेसवर पोचला. त्या एका धावेने आम्ही हरलो.

बाकावर परतल्यावर कॅचरने विचारलं, "त्याला आधीच कसं कळलं? तू काय ओरडलास?"

कोणालाही मराठी येत नव्हतं. काहीही सांगता आलं असतं. पण आमच्या घरी पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं नाव असायचंच. निनावी कागद वडील हातातसुद्धा धरत नसत.

"मी त्याला सांगितलं," मी म्हणालो. "तुमचा चेंडू येतोय म्हणून."

पहिला ठोसा कॅचरचा. मी पडलो तेव्हा कोणीतरी जखमेच्या पायावर बूट ठेवून उभा राहिला. केळं देणाऱ्या त्या प्रेमळ माणसाने माझी कॉलर धरून मला उठवलं आणि जबड्यावर मारलं. तो रडत होता आणि मारत होता. हाड मोडल्याचं मला आतून ऐकू आलं. त्याआधी मीही त्याच्या मनगटाला चावलो होतो; तोंड रक्ताने भरलं, त्यातलं कोणाचं किती ते कळेना. कोच मैदानाकडे तोंड करून उभा होता.

दोन दिवसांनी कोच अल बर्शातल्या हॉस्पिटलात आला. "तू खोटारडा नाहीस," तो म्हणाला. "पण तुझ्या मागे उभे राहणारे आठ जण मी कुठून आणू? खलास." शॉर्टस्टॉप म्हणून माझी कारकीर्द तिथे संपली.

त्याच संध्याकाळी रत्नागिरीवाला आला, हातात शावरमा घेऊन.

"खा."

मी तारांनी आवळलेल्या जबड्याकडे बोट दाखवलं.

"अरे हां." तो खुर्चीवर बसला. "आभार मानायला नाय आलो. कोणी सांगितला होता तुला शहाणपणा? आमचे लोक म्हणतात, दोघं इंडियन आतून मिळालेत, तू मला खुणा विकतोस. मलापण काढला."

मी दातांतून कसंबसं म्हणालो, "डोकं शाबूत आहे ना?"

"डोकं आहे. काम नाय."

तो चिडून शावरमा खायला लागला, मोठमोठे घास, दोन्ही गालांनी. चावताना त्याच्या कानशिलावरची शीर वरखाली होत होती. मी तिच्याकडेच बघत राहिलो.